पॅकेज आणि हप्ता

मे महिना लागला की पुणे-सोलापूर रस्त्यावरचे फलक बदलतात. सराफांची आणि द्राक्षाच्या औषधांची जागा शिक्षणसंस्था घेतात. काचेची इमारत, कोट घातलेली मुलं आणि त्या मुलांच्या डोक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत एक आकडा. हायेस्ट पॅकेज, अमुक लाख. चार वर्षांची फी किती हे फलकावर कधी नसतं. ते विचारायला आत जावं लागतं. आत गेलं की एसीच्या खोलीत चहा येतो, नाव-नंबर लिहून घेतला जातो आणि मग फीचा विषय निघतो. तोही बऱ्याचदा सेमिस्टरच्या हिशेबाने, म्हणजे ऐकणाऱ्याला आकडा निम्मा वाटतो.

ज्या घरात मूल बारावीला आहे, तिथे उन्हाळाभर एकच प्रश्न दारात उभा असतो. पाहुणे विचारतात, भावकी विचारते, किराणा दुकानदारही विचारतो, ‘कुठं घेतली ॲडमिशन?’ ती घेतल्यावर पाच-सहा वर्षांनी त्या घराचं काय झालं हे विचारायला मात्र कोणी येत नाही. प्रवेशाचा पेढा गावभर वाटला जातो. हप्ता एकट्याने फेडायचा असतो.

महाराष्ट्रात या विकतच्या शिक्षणाची सुरुवात १९८३ सालापासून धरता येते. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. स्वतः जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसाने विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजं काढायला परवानगी दिली. कारण अगदी व्यवहारी होतं. मराठी मुलं कॅपिटेशन भरून कर्नाटकात शिकायला जात होती आणि पैसा सीमेपलीकडे चालला होता. पुण्यातलं एमआयटी, विश्वकर्मा, भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग, कोल्हापूरचं केआयटी, लोणीचं प्रवरा ही सगळी १९८३ ची कॉलेजं. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर पुण्याचं सीओईपी (१८५४), मुंबईचं व्हीजेटीआय (१८८७), सांगलीचं वालचंद (१९४७) अशी मोजकीच दारं होती. दादांच्या निर्णयाने शिक्षणसम्राट जन्माला घातले, ही टीका खरी आहे. पण हिंजवडीपासून कॅलिफोर्नियापर्यंत नोकरी करणाऱ्या मराठी मुलांची एक अख्खी पिढी त्याच विनाअनुदानित वर्गांतून बाहेर पडली, हेही तितकंच खरं आहे. त्या पिढीच्या बापांनी पैसे मोजले आणि ते वसूल झाले. आजचा बाप त्याच आठवणीच्या जोरावर पैसे मोजतो. मधल्या काळात भाव आणि माल दोन्ही बदलले.

डोनेशनच्या काळावर बरंच लिहून झालं आहे. कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. पुढे १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टी. एम. ए. पै खटला आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जाणारा खटला, असं करत सर्वोच्च न्यायालय एका तोडग्यापाशी आलं. संस्थांनी आपलं शुल्क ठरवावं, पण नफेखोरी करू नये आणि त्यावर कुणाची तरी नजर असावी. २०१५ च्या राज्य कायद्याने ही नजर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आणि प्रवेश सीईटी कक्षाकडे सोपवले. आज कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून मिळणाऱ्या खासगी कॉलेजचं शुल्क हे प्राधिकरण ठरवतं. संस्था खर्चाचा ताळेबंद देते, प्राधिकरण तो तपासतं आणि आकडा मंजूर करतं. त्या ताळेबंदातला पगारखर्च आणि प्राध्यापकाच्या हातात पडणारा पगार यांचा मेळ बसतो का, हा वेगळ्या लेखाचा विषय. तरी निदान एक दार आहे आणि त्यावर एक पहारेकरी आहे.

२०१४ मध्ये ॲमिटीपासून राज्यात खासगी विद्यापीठांचा सिलसिला सुरू झाला आणि या दाराला वळसा घालणारी वाट निघाली. पुढच्या काही वर्षांत नाशिकचं संदीप, कोथरूडचं एमआयटी-डब्ल्यूपीयू, कोल्हापूरजवळ अतिग्रेचं संजय घोडावत आणि अलीकडे पिंपरी चिंचवड, जेएसपीएम अशी नावं आली. यातली कित्येक नावं पालकांना कॉलेज म्हणून आधीपासून माहीत होती. कमानीवर ‘विद्यापीठ’ लागलं आणि बढती झाल्यासारखं वाटलं. बढती झालीच, पण त्याबरोबर काही गोष्टी कमानीबाहेर राहिल्या. कॉलेजला लागू असलेलं शुल्क प्राधिकरण राहिलं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना अर्धी ट्यूशन फी देणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती राहिली. जुलै २०२४ मध्ये ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ करणारा शासन निर्णय आला. त्यातही अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठं वगळलेली आहेत, मॅनेजमेंट कोटाही वगळलेला आहे. ही ओळ शासन निर्णयात स्पष्ट आहे. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ती शोधावी लागते. पोरीची फी सरकार भरणार, या समजुतीवर विद्यापीठात नाव घालून आलेले पालक जुलैअखेरीस समाजकल्याणच्या कार्यालयात हेलपाटे घालतात, आणि तिथला कारकून त्यांना जे सांगतो ते कुणीतरी मे महिन्यात सांगायला हवं होतं.

आता हिशेब मांडू. समजा बार्शीचं एक घर आहे. दहा एकर जमीन, अर्धी जिरायती. बापाचं उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली आणि मुलाला सीईटीत बरे पर्सेंटाइल, पण सीओईपीला लागतील इतके नाहीत. कॅपमधून पुण्याच्या एका मध्यम खासगी कॉलेजात सीट मिळते. फी वर्षाला एक लाख तीस हजारांच्या आसपास. राहणं म्हणजे कॉट बेसिसवर खोली, मेस, बस, लॅपटॉप आणि किरकोळ, मिळून सव्वा लाख. शाहू शिष्यवृत्ती धरली तर चार वर्षांचा खर्च आठ लाखांच्या थोडा खाली राहतो. दुसरा पर्याय खासगी विद्यापीठातलं कॉम्प्युटर सायन्स. फी वर्षाला साडेतीन लाख, राहणं तेवढंच. चार वर्षांत एकोणीस लाख. फरक साधारण अकरा लाखांचा. घरात मुलाऐवजी ओबीसी मुलगी असेल तर हा फरक चौदा लाखांकडे जातो, कारण पहिल्या रस्त्यावर तिची फी जवळपास शून्य होते. मुलींच्या शिक्षणाचा इतका स्वस्त काळ महाराष्ट्रात क्वचित आला असेल, आणि नेमक्या याच काळात फलक सगळ्यात मोठे झाले.

एकोणीसपैकी दहा लाख कर्जाने उभे करायचे म्हटलं तर बँकेत काय होतं? शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत पत हमीची सोय आहे. त्याच्यावर गेलं की शाखाधिकारी तारण मागतो. इथे एक मजेशीर अन्याय आहे. थकलेलं कर्ज वसूल करायला बँकांचं मुख्य हत्यार म्हणजे सरफेसी कायदा, आणि तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला कारकून बँकेच्या लेखी वजनदार ठरतो आणि बार्शीचा दहा एकरवाला हलका. गावठाणातल्या घराची कागदपत्रं बँकेच्या वकिलाला पटत नाहीत. पीककर्ज थकलेलं असेल तर सिबिलचा आकडा आडवा येतो. मग उरतात बिगर-बँकिंग वित्त कंपन्या, ज्या दोन-तीन टक्के जास्त व्याज घेतात, किंवा आईचं सोनं, किंवा एक एकर. खेड्यातल्या मुलाचं शिक्षण महाग पडतं ते फीमुळे, आणि त्याहून जास्त पैसा उभा करण्याच्या किमतीमुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने यात थोडी सवलत आणली. विनातारण, विनाजामीन कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे (सुरुवातीला साधारण ८६०) आणि सवलतीला वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे कमानीखाली उभं राहून मोबाइलवर पाहता येतं. पाहतो कोण?

तरी धरू की साडेदहा टक्क्यांनी दहा लाख मिळाले, दरवर्षी अडीच-अडीच लाख. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत असतं. पाचव्या वर्षाच्या शेवटी ते साध्या व्याजानेही तीन लाख सदुसष्ट हजार होतं. म्हणजे फेड सुरू होते ती दहा लाखांची नव्हे, पावणेचौदा लाखांच्या आसपासची. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला अठरा हजार साडेचारशे. मुदत पंधरा वर्षांची केली तर पंधरा हजार, पण तोवर बँकेला सत्तावीस लाख दिलेले असतात. व्याजावर ८०ई कलमाखाली आयकरात वजावट मिळते ती जुन्या करप्रणालीत. तीन-साडेतीन लाख पगाराच्या मुलाला मुळात कर लागत नाही, तेव्हा ती सवलत पोकळ.

तीन-साडेतीन लाख हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. टीसीएसच्या भरतीत ‘निंजा’ नावाचा गट आहे, त्याचं वार्षिक वेतन वर्षानुवर्षं ३.३६ लाख रुपये. वरच्या ‘डिजिटल’ गटाला सात लाख. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा पगार दहा-पंधरा वर्षं याच पट्ट्यात रुतून बसला आहे. या काळात फी, खोलीभाडं आणि पेट्रोल कुठल्या कुठे गेलं. ३.३६ लाखांतून भविष्य निर्वाह निधी वगैरे कापून हातात येतात बावीस ते पंचवीस हजार. त्यातून साडेअठरा हजारांचा हप्ता गेला की हिंजवडीत एका कॉटचं भाडंही उरत नाही. अशा घरात हप्ता बापच भरत असतो, आणि गावात सगळ्यांना वाटत असतं की पोरगं कमावतं झालं.

आणि निंजाची परीक्षा सगळ्यांना एकच असते. एक लाख तीस हजार फी भरलेला आणि साडेतीन लाख फी भरलेला, दोघंही त्याच ऑनलाइन चाचणीला बसतात आणि पास झाले तर त्याच पट्टीतला पगार घेतात. घाऊक भरती करणाऱ्या कंपनीला कमानीशी फारसं घेणंदेणं नसतं. म्हणून सरासरी मुलासाठी प्रश्न अगदी साधा होतो. अकरा लाखांचा जादा खर्च वसूल व्हायचा तर विद्यापीठातून निघालेल्या मुलाला कॉलेजातून निघालेल्या मुलापेक्षा दहा वर्षं, दर महिन्याला, चौदा-पंधरा हजार जास्त मिळायला हवेत. शिकतानाचं व्याज न धरता हा आकडा आहे. काही संस्थांत, काही शाखांत तो मिळतो. बहुतेक फलकांखाली तो मिळतो याचा पुरावा कुणी देत नाही.

पुरावा म्हणून जे दिलं जातं ते बारकाईने वाचावं. हायेस्ट पॅकेज एका मुलाचं असतं, ते कधी कंपनीचे शेअर धरून असतं तर कधी परदेशातल्या चलनात. ॲव्हरेज हे त्याहून कसबी काम. पाच मुलांपैकी चौघांना साडेतीन लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले तर सरासरी ११.६ लाख येते, आणि त्या वर्गात ११.६ लाख मिळालेला एकही मुलगा नसतो. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणताना शंभर म्हणजे कोण? अनेकदा फक्त ‘पात्र’ मुलं, म्हणजे दहावी, बारावी आणि डिग्रीत साठ टक्के असलेली, बॅकलॉग नसलेली, नाव नोंदवलेली. बाकीची भागाकारातूनच गळतात. एका मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर कधी त्या तीन मोजल्या जातात. ऑफर लेटर मिळणं आणि नोकरीवर रुजू होणं यातही अंतर असतं. इन्फोसिसने २०२२ मध्ये ऑफर दिलेल्या मुलांना दोन-दोन वर्षं ताटकळत ठेवून रुजू करून घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेच्या वर प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास ठरवून घरी पाठवलं. त्यांच्या कॉलेजांच्या प्लेसमेंटच्या आकड्यात ती मुलं ‘प्लेस्ड’ होती.

खरा आकडा मिळण्याची एक जागा आहे आणि ती फुकट आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला माहितीपत्रक भरून द्यावं लागतं. किती मुलं मुदतीत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे मुलं पगाराच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. चव्वेचाळीस लाखवाला तिथे काही करू शकत नाही. हे पत्रक संस्थेच्या संकेतस्थळावर असतं, बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत. आकडे संस्थेनेच दिलेले असतात, तेव्हा तेही मिठाचा खडा टाकून घ्यावेत. पण फलकावरचा आकडा आणि पत्रकातला आकडा शेजारी ठेवले की बरंच काही न बोलता कळतं.

इतकं सगळं लिहून मी खासगी विद्यापीठाच्या विरोधात उभा आहे असं वाटेल. तसं नाही. पैशाने तिथे खरंच काहीतरी मिळतं आणि ते नेमकं काय, हे पाहायला हवं. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नामवंत कॉलेजांत प्रवेश मिळत असूनही दुसरीकडे गेलेल्या मुलांची कमाई त्यांनी नामवंत कॉलेजात गेलेल्यांशी ताडून पाहिली. फारसा फरक निघाला नाही. म्हणजे हुशार पोरगं कुठेही गेलं तरी कमावतंच. पण याला एक अपवाद निघाला, गरीब घरातल्या मुलांचा. पुढच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईबापांची मुलंही त्यात आली. त्यांना नामवंत कॉलेजचा फायदा स्पष्ट झाला. कारण उघड आहे. ज्याच्या घरी आधीच चार इंजिनिअर आहेत, त्याला इंटर्नशिप मामा मिळवून देतो. ज्याचा मामा ऊसतोडणीला जातो, त्याला तो मामा कॉलेजातच शोधावा लागतो.

मला या सगळ्या व्यवहारात टोचतं ते हेच. वर्गमित्र, माजी विद्यार्थी, इंग्रजीत बोलायची सवय, मुलाखतीला कसं बसायचं, कुणाला मेल कसा लिहायचा, या गोष्टींची सगळ्यात जास्त गरज बार्शीच्या मुलाला आहे. चांगलं खासगी विद्यापीठ या गोष्टी देतं, शासकीय कॉलेज अनेकदा देत नाही. आणि ज्याला त्या सगळ्यात जास्त उपयोगी, त्यालाच त्यासाठी सगळ्यात महाग पैसा उभा करावा लागतो. कोथरूडच्या डॉक्टरांच्या मुलाला ही फी परवडते आणि त्याला त्या गोष्टी घरबसल्याही मिळाल्या असत्या. शिवाय अमेरिकेतला अभ्यास नामवंत, निवडक कॉलेजांचा होता. आपल्याकडच्या पैसे भरले की जागा देणाऱ्या संस्थेला तो लावता येत नाही. वर्गात कोण बसणार हे गुणांनी ठरत नसेल तर वर्गमित्रांची किंमत ती काय राहिली?

भाव आणि दर्जा यांचं लग्न लागलेलं नसतं, याची उदाहरणं महाराष्ट्रात पायलीला पन्नास आहेत. मुंबईच्या जमनालाल बजाजमध्ये दोन वर्षांचं एमबीए सहा लाखांच्या आसपास होतं आणि तिथली मुलं वीस-पंचवीस लाख फी घेणाऱ्या खासगी बिझनेस स्कूलच्या मुलांच्या रांगेत, किंबहुना पुढे, उभी असतात. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजने १९२४ पासून माफक फीत वकील घडवले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड तिथलेच. आणि सीडॅक तर मराठी मध्यमवर्गाची गुप्त वाटच म्हणावी. मेकॅनिकल किंवा ईएनटीसी झालेलं, कॅम्पसमधून काही न मिळालेलं पोर सहा महिने पुण्यात ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा करतं, लाखाच्या आसपास फी भरतं, रात्री बारापर्यंत लॅबमध्ये बसतं आणि आयटीत शिरतं. अकरा लाखांच्या फरकापुढे तो एक लाख ठेवून पाहावा. मेडिकलचं गणित याहून निराळं आहे. तिथे शासकीय सीट आणि अभिमत विद्यापीठाची सीट यांत वर्षाला लाख-दीड लाख आणि वीस-पंचवीस लाख असा फरक असतो. ती फी परतफेडीचा विचार करून कुणी भरत नाही. ती बहुधा बापाचं हॉस्पिटल चालू ठेवण्यासाठी भरली जाते.

आणखी एक गोष्ट इतक्यात घडली आहे. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४ पासून चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. झालं, कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स यांच्या तुकड्या वाढत सुटल्या आणि राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात गेल्या. त्या वाढीव तुकड्यांना शिकवणारे कुठून येणार, हा प्रश्न आहेच. पण जागा वाढल्याचा एक साधा अर्थ असा की आजच्या बापाला घाबरण्याचं कारण दहा वर्षांपूर्वीच्या बापापेक्षा कमी आहे. कॅपमध्ये कॉम्प्युटरची सीट कुठे ना कुठे मिळणार आहे. खासगी विद्यापीठांचा सगळा धंदा मात्र त्या भीतीच्या वेळापत्रकावर चालतो. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीपासून सुरू होते, निकाल लगेच लागतो, पन्नास टक्क्यांची ‘मेरिट स्कॉलरशिप’ लगेच मिळते आणि ती अमुक तारखेपर्यंत पैसे भरले तरच टिकते. पुढच्या वर्षी अमुक सीजीपीए राखला नाही तर ती जाते आणि फी दरवर्षी काही टक्क्यांनी वाढते, ही वाक्यं प्रवेशपत्राच्या मागच्या बाजूला असतात. तोवर एमएचटी-सीईटीचा निकाल लागलेला नसतो. कॅपच्या फेऱ्या सुरू होतात तेव्हा जून-जुलै उजाडतो आणि घरात वाद रंगतो की भरलेल्या लाखावर पाणी सोडायचं का. बहुतेक घरं सोडत नाहीत. त्या एका लाखासाठी पुढचे अठरा लाख भरले जातात.

तो लाख बुडालेला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ च्या प्रवेशांसाठी काढलेल्या धोरणात ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर भरलेली फी पूर्ण परत देणं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापणं संस्थांना बंधनकारक केलं होतं, आणि त्यात खासगी व अभिमत विद्यापीठंही आली. पैसे मागायला गेलं की खिडकीवर ‘बुकिंग अमाउंट परत मिळत नाही’ असं तोंडी सांगतात. तेच लेखी द्या म्हटलं की खिडकीवरचा माणूस आत जातो, बराच वेळ आत राहतो, आणि बाहेर येताना त्याच्या हातात रद्द करण्याच्या अर्जाचा नमुना असतो. त्या वर्षी नेमकी कोणती तारीख आहे ते मे महिन्यातच आयोगाच्या परिपत्रकातून लिहून घ्यावं, पावती आणि मूळ दाखला दिल्याची पोच जपून ठेवावी, आणि कॅपची शेवटची फेरी संपेपर्यंत पाहुण्यांना सांगावं, अजून ठरायचं आहे.